दूध येतं का?

धायरीत फ्लॅट बघायला आलेला माणूस दोन प्रश्न विचारतो. पहिला, "पाणी येतं का?" आणि दुसरा, "खरंच येतं का?" मजला कितवा, दार पूर्वेला आहे का, गच्चीवरून सिंहगड दिसतो का, हे सगळं त्यानंतर. बिल्डर पहिल्या प्रश्नाला "भरपूर" म्हणतो आणि दुसऱ्याला टँकरवाल्याचा नंबर देतो.

याच धायरीत एखाद्या घरी बाळ आलं, की बाळंतिणीला लोक अगदी त्याच आवाजात विचारतात, "दूध येतं का?" आणि ती हो म्हणाली, की डोळे बारीक करून, "पुरतं का?"

आमची लेक बाळंतपणासाठी माहेरी आली, तेव्हापासून हा प्रश्न मी घरात, जिन्यात, पार्किंगमध्ये आणि भाजीच्या गाडीवर ऐकतो आहे. बायका तो सरळ विचारतात. पुरुषांना तो मराठीत विचारता येत नाही. एरवी मेंटेनन्स सोडून ज्यांच्याशी माझं एक वाक्य होत नाही, ते वरच्या मजल्यावरचे गृहस्थ लिफ्टमध्ये माझ्याकडे न बघता, आकड्यांच्या दिव्याकडे बघत म्हणाले, "मग... फीडिंग वगैरे ओके?" मीही दिव्याकडे बघत "ओके" म्हणालो. दोन सेवानिवृत्त माणसांनी याहून जास्त मोकळेपणा दाखवू नये.

बाळ बघायला म्हणून जी मंडळी येतात, ती बाळ फार बघत नाहीत. बाळाचं नाक कोणावर गेलंय एवढं पटकन ठरवून टाकतात आणि मग बाळंतिणीकडे वळतात. प्रत्येकीच्या हातात डबा असतो. डिंकाचे लाडू, मेथीचे लाडू, अळिवाचे लाडू, बाळंतशोप, खसखशीची खीर, शतावरी घातलेलं काहीतरी. डब्याबरोबर हमी मिळते. "आमच्या सुनेला यानं इतकं दूध आलं, इतकं दूध आलं, की..." हे वाक्य आजवर कोणी पूर्ण केलेलं नाही. पुढचा भाग हातवाऱ्याने सांगतात.

डबा ठेवला की बंदीहुकूम निघतात. एक म्हणते हरभरा नको, बाळाचं पोट धरेल. दुसरी म्हणते बटाटा वातूळ. तिसरी दही बंद करते, चौथी फ्लॉवर आणि कोबी, पाचवी गार पाणी, कारण आई गार पाणी प्यायली की बाळाला सर्दी होते. सगळ्यांचे हुकूम एकत्र पाळले, तर बाळंतिणीने खायला फक्त लाडू उरतात. ते आणणाऱ्या याच असतात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घरात होतं ते सगळं खा, फक्त रोजच्यापेक्षा पाचशे-सहाशे उष्मांक जास्त जाऊ देत आणि तहान लागेल तेवढं पाणी पी. अळिवात लोह असतं, लाडू जरूर खावा, पण लाडवाने दूध येत नाही. दूध बाळाने ओढल्यामुळे येतं. हे ऐकून आमच्या हिचा चेहरा पडला. तिने किलोभर अळीव आणून ठेवले होते.

यामागचं शास्त्र मी लेकीसाठी आणलेल्या पुस्तकात वाचलं. घरात ते पुस्तक वाचायला वेळ असलेला मी एकटाच आहे. बाळ ओढायला लागलं की आईच्या मेंदूतून दोन संप्रेरकं निघतात. प्रोलॅक्टिन दूध तयार करतं आणि ऑक्सिटोसिन ते पुढे ढकलतं, ज्याला आपण पान्हा फुटणं म्हणतो. जितकं ओढलं जाईल तितकं पुढचं तयार होतं. यातलं प्रोलॅक्टिन कामसू आहे. ऑक्सिटोसिन मात्र भलतंच लाजाळू. आई दमलेली असली, दुखत असलं, तिला कोणी टोकलं किंवा चारचौघांत अवघडायला झालं, की ते अडतं. आता चित्र बघा. पलंगावर बाळंतीण, समोर दोन मावश्या, दारात एक काकू, खिडकीशी विहीणबाई, आणि सगळ्या रोखून बघताहेत की दूध येतं का. म्हणजे तपासणी पथक आहे तोवर नळ उघडणं शक्य नाही, आणि नळ उघडत नाही म्हणून पथक हलत नाही. महापालिकेच्या पाण्याबाबत ही युक्ती धायरीने करून पाहिलेली आहे. तिथेही उपयोग झाला नव्हता.

या पथकाच्या प्रमुख म्हणजे रायकर मळ्याकडून येणाऱ्या मालीशवाल्या मावशी. बाळाला पायावर घेऊन न्हाऊ घालताना त्या बातम्या आणि निकाल एकदमच देतात. आल्या आल्या त्यांनी निकाल दिला, "दूध पातळ हाय." का, तर बाळ तासा-दीड तासाने उठतं. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की पाजायला घेतल्यावर सुरुवातीचं दूध पातळच असतं, त्याने तहान भागते, मग हळूहळू स्निग्धांश वाढत जातो. म्हणून एका बाजूचं पूर्ण होऊ द्यायचं. आणि पहिल्या दिवसांत बाळाचं पोट एवढंसं, दिवस-रात्र मिळून आठ ते बारा वेळा ते मागणारच. मावशींनी ऐकून घेतलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "आजोबा, त्या पुस्तकातलं बोलत्यात. मी धायरीतली निम्मी पोरं न्हाऊ घातल्यात." या अनुभवापुढे मी काय बोलणार? मी आजवर कोणालाच न्हाऊ घातलेलं नाही.

जावई हिंजवडीत नोकरीला. त्याने मालीशवाल्या मावशींना आकड्यांनी उत्तर द्यायचं ठरवलं. डॉक्टरांनी साधी खूण सांगितली होती, की पहिल्या आठवड्यानंतर बाळ चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा लंगोट ओला करत असेल आणि वजन चढत असेल, तर दूध पुरतं आहे. मुलं रडतात ती काही फक्त भुकेने नाही. जन्मल्यावर पहिल्या काही दिवसांत वजन सात ते दहा टक्क्यांपर्यंत उतरतं आणि साधारण दोन आठवड्यांत परत भरून येतं. जावयाने एवढ्यावर एक्सेलची शीट उघडली. डावी बाजू, उजवी बाजू, सुरू झाल्याची वेळ, संपल्याची वेळ, लंगोट ओला, लंगोट भरलेला, ढेकर आला, ढेकर नाही. मग आलेख, मग आलेखावर रंग. रात्री तीन वाजता हिंजवडीहून निरोप आला, "दोन वाजून दहाची नोंद दिसत नाही." लेकीने दुसऱ्या दिवशी त्याचं नाव शीटमधून काढलं. नात तशीच वाढत राहिली.

आता खरवसाबद्दल बोलायलाच हवं. या विषयात पुणेकराचा दुटप्पीपणा मला इथे सगळ्यात ठळक दिसतो.

गाय व्यायली की पहिल्या दोन-तीन दिवसांचा चीक मिळावा म्हणून आमच्या पिढीने गवळ्यांची जी मनधरणी केली आहे, ती सासऱ्यांचीही केली नाही. गवळ्याने चीक दिला म्हणजे त्या घराला समाजात स्थान आहे. त्याचा खरवस झाला, की वाटीभर शेजारी आणि वर जातो. आता तर दुकानात वड्या मिळतात, त्यातल्या काही नुसत्याच चायना ग्रासच्या जोरावर थरथरत असतात, तरी लोक पैसे मोजून घेतात. का? तर चीक पौष्टिक. बरोबर आहे, वासरासाठी आहेच तो पौष्टिक. आणि याच घराण्यांत आईचं पहिलं घट्ट पिवळसर दूध "खराब आहे, पिळून टाक" म्हणून पिढ्यान् पिढ्या टाकून दिलं गेलं. तोच तो चीक. चमचा-दोन चमचेच येतो, पण रोगाशी लढणारी प्रतिद्रव्यं त्यात ठासून भरलेली असतात. म्हणून जन्मल्यापासून तासाभरात बाळ छातीशी लावा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. वासराच्या वाट्याचा चीक आपण वेलची-जायफळ घालून खाल्ला आणि लेकराच्या वाट्याचा मोरीत ओतला. कोणत्या हिशेबाने, ते गाईलाच विचारायला हवं.

आणि तो चीक टाकून बाळाला द्यायचं काय? तर मध. सोन्याच्या अंगठीने चाटवायचा. विहीणबाई कराडहून येताना खास जंगलातला मध घेऊन आल्या होत्या. त्या बाटलीवर कोणतंही लेबल नव्हतं, हाच त्यांच्या दृष्टीने शुद्धतेचा पुरावा. एक वर्षापर्यंत बाळाला मधाचा थेंबही द्यायचा नाही, कारण मधात बॉट्युलिझम करणाऱ्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि तान्ह्या आतड्यात ते रुजतात. हे विहीणबाईंना सांगायचं कोणी, यावर स्वयंपाकघरात कुजबुजत बैठक झाली. शेवटी डॉक्टरीणबाईंवर ढकललं. विहीणबाईंनी शांतपणे ऐकलं, बाटली हिच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "मग तुम्ही घ्या, कोमट पाण्यातून. तुम्हालाच गरज दिसते." विहिणींमधलं यापुढचं संभाषण इथे देण्यासारखं नाही.

गुटीचा प्रश्न याहून नाजूक. आमच्या घरात पणजीपासून आलेली सहाण आहे. वेखंड, हळकुंड, मुरडशेंग, जायफळ, सुंठ, हिरडा, बेहडा, अतिविष, खारीक, बदाम, अशी सगळी पलटण डब्यात तयार होती. किती वळसे कशाचे, हे हिला आईने शिकवलेलं. पण पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काहीही नाही, पाणीसुद्धा नाही, औषध दिलंच तर डॉक्टरांनी सांगितलेलं. "आम्ही नाही का वाढलो?" हा हिचा सवाल. याला उत्तर असं आहे, की जे वाढले नाहीत ते प्रश्न विचारायला आलेले नाहीत. ते मी तोंडातच ठेवलं. वुडवर्डचं ग्राइप वॉटर 1851 साली इंग्लंडात नॉटिंगहॅममध्ये निघालं, तेव्हा त्यात दारूचा अंश असायचा. रडणारी बाळं गप्प का व्हायची, हे कळायला फार शास्त्र लागत नाही. आमच्या पिढीत अनेकांनी आयुष्याची सुरुवात अशी केली असेल. काहींनी पुढे चालू ठेवली.

मग पाणी. धायरीत कुठलाही विषय तिथेच येऊन थांबतो.

2025 च्या जानेवारीत सिंहगड रोडच्या या पट्ट्याचं नाव देशभर झालं. किरकटवाडी, नांदेड गाव, डीएसके विश्व, धायरी, खडकवासला. गुइलेन बॅरे सिंड्रोम, म्हणजे जीबीएस. स्वतःचीच प्रतिकारशक्ती उलटून मज्जातंतूंवर हल्ला करते, पाय लुळे पडतात, काहींचा श्वास अडकतो. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जिवाणू सापडला. तो दूषित पाण्यातून आणि नीट न शिजलेल्या मांसातून पोटात जातो. विहिरी तपासल्या, टँकर तपासले, ज्यांच्या पाण्यावर आमचा देवाइतका विश्वास होता त्या खासगी आरओ प्रकल्पांना टाळी लागली. तेव्हापासून धायरीत पाणी उकळणं हा कुळाचार झाला आहे. त्या आठवणी ताज्या असतानाच आमच्याकडे पाळणा हलला.

म्हणून मला आईच्या दुधाचा सगळ्यात मोठा गुण वाटतो तो असा, की त्यात सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी टक्के पाणी असतं आणि ते टँकरने येत नाही. एप्रिलच्या उन्हातसुद्धा सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वेगळं पाणी लागत नाही. धायरीतल्या एकूण लोकसंख्येत पाण्याची तक्रार नसलेला हा एकमेव गट आहे.

पण सगळ्यांच्या घरी हे जमतंच असं नाही. आमच्याच विंगमध्ये एकीला जुळी झाली, महिनाभर आधी, त्यात तिची तब्येत ढासळलेली. मुलं काही काळ पावडरच्या दुधावर होती. तिच्या नवऱ्याला मी एकदा धायरी फाट्यावरच्या औषधाच्या दुकानातून येताना पाहिलं. दुधाचा डबा त्याने खाकी पिशवीत घालून, वर वर्तमानपत्र गुंडाळून, शर्टाखाली धरला होता. मी दुसराच काहीतरी अर्थ काढला आणि आपुलकीने म्हणालो, "अहो, शनिवार आहे, चालायचंच." तो कानकोंडा होऊन म्हणाला, "काका, बाळांचा डबा आहे. काकूंना सांगू नका." आईचं दूध कमी पडलं हा जणू गुन्हा, आणि डबा हा मुद्देमाल!

कायदा तसं म्हणत नाही. 1992 साली आपल्याकडे कायदा झाला तो कंपन्यांना आवर घालायला, आईला नव्हे. त्याच्या आदल्या वर्षी वर्ध्यात स्तनपानासाठी काम करणाऱ्या मंडळींनी बीपीएनआय ही देशपातळीवरची संस्था काढली होती. कायद्याने बाळाच्या दुधाच्या पावडरची जाहिरात बंद केली, फुकट नमुने आणि भेटवस्तू बंद केल्या. डब्यावर बाळाचं किंवा आईचं चित्र छापायचं नाही, आणि आईचं दूधच उत्तम हे मात्र छापायचं. सिगारेटच्या पाकिटावर चित्र छापावंच लागतं आणि दुधाच्या डब्यावर छापता येत नाही, असा आपला देश आहे. दोन्हीमागे कारण चांगलं आहे. आधी काय चालायचं ते आमच्या पिढीला आठवतं. गुबगुबीत पोर दिसलं की लोक कौतुकाने "ग्लॅक्सो बेबी" म्हणायचे. आईचा, अळिवाचा किंवा आजीचा त्यात उल्लेखच नसायचा, श्रेय सगळं डब्याला.

तर त्या जुळ्यांच्या बापाला, डॉक्टरीणबाईंनी आम्हाला सांगितलेलं, मी सगळं लिहून दिलं. पावडर निर्जंतुक नसते. म्हणून पाणी खळखळून उकळायचं, आरओचं असलं तरी. अर्ध्या तासाच्या आत, ते चांगलं गरम असताना, निदान सत्तर अंश, पावडर त्यात घालायची आणि मग भांडं गार पाण्यात धरून कोमट करायचं. डब्यावर लिहिलेलं माप सपाट चमच्याने. डबा महाग आहे म्हणून पाणी वाढवून पुरवायचं नाही आणि बाळ बारीक आहे म्हणून घट्टही करायचं नाही. दोन तासांत संपलं नाही तर ओतून द्यायचं. आणि बाटलीपेक्षा वाटी-चमचा बरा, कारण बाटलीच्या बुचात नि बोंडात काय दडून बसतं ते दिसत नाही, वाटी मात्र घासली की घासली. यावर आमची ही उठली आणि माळ्यावरून चांदीचं बोंडलं काढून आणलं. निमुळत्या चोचीचं, आजेसासूबाईंचं. उकळून त्यांच्याकडे पाठवलं. बरोबर लाडूही गेले, ते चुकत नाही.

दूध न पुरणं हा आजच्या सुनांचा नखरा आहे असं ज्यांना वाटतं, त्यांना मी साताऱ्याच्या रस्त्याने कापूरहोळपर्यंत नेतो, बोलण्यात. 14 मे 1657 ला पुरंदरावर संभाजीराजांचा जन्म झाला. सईबाई आजारी, दूध पुरेना. तेव्हा गडावर लाडूंची कमतरता असेल असं वाटत नाही. तरी कापूरहोळच्या गाडे पाटलांच्या घरातल्या धाराऊंना बोलावलं आणि त्यांनी शंभूराजांना अंगावर पाजलं. स्वराज्यात यावर कोणी सईबाईंना टोमणा मारल्याची नोंद नाही. आमच्या विंगमध्ये त्या असत्या तर बी-विंगच्या काकूंनी मारला असता.

आज धाराऊंचं काम दूध बँक करते. आशियातली पहिली मानवी दूध बँक मुंबईत, शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात, डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी 27 नोव्हेंबर 1989 ला सुरू केली. आपल्या ससूनमध्येही आहे. देणाऱ्या आईची रक्ततपासणी होते, दूध साडेबासष्ट अंशांवर अर्धा तास तापवून पाश्चराइज करतात आणि मग ते दिवस भरण्याआधी जन्मलेल्या, चिमूटभर वजनाच्या बाळांना देतात. हे दान आहे, विक्री नाही. बाजारात आईचं दूध विकायला परवानगी नाही, असं अन्नसुरक्षा प्राधिकरणाने मे 2024 मध्ये ठणकावून सांगितलं. तसं सांगावं लागलं याचा अर्थ कोणीतरी दुकान टाकलं होतं. आपल्याकडच्या उद्योजकतेला तोड नाही.

एव्हाना नात सव्वा-दीड महिन्याची झाली आणि माय-लेकी घराबाहेर पडू लागल्या. बाहेर पाजायचं कुठे? सिंहगड रोडवर हा प्रश्न फारसा यायचा नाही. चालत्या गाडीत बाळाला पाजू नये असा नियम आहे. धायरी फाट्यापासून पुढे कोंडीत तो आपोआप पाळला जायचा. पहिली बाजू वडगावला, दुसरी हिंगण्याला, ढेकर विठ्ठलवाडीला. आता उड्डाणपूल झाले आणि पोर उपाशीच राजाराम पुलाला पोचते. विकासाची किंमत कोणाला तरी मोजावी लागतेच.

बसस्थानकांवर आणि सरकारी कचेऱ्यांत यासाठी हिरकणी कक्ष असतात. नाव फार सुंदर ठेवलं आहे. गडाचे दरवाजे बंद झाले म्हणून रायगडाचा कडा उतरून तान्ह्याकडे गेलेली गवळण. पण नाव ठेवणाऱ्याने पुढचा विचार केला असेल, की या कक्षात पोचतानाही साधारण तेवढेच कष्ट पडतील? एका बसस्थानकावर आम्हाला कक्ष सापडला. दाराला कुलूप होतं. चौकशी खिडकी म्हणाली, किल्ली नियंत्रकांकडे. नियंत्रक म्हणाले, किल्ली झाडणाऱ्या बाईंकडे. झाडणाऱ्या बाई चहाला. दार उघडलं तेव्हा आत खराटे, फिनेलचे कॅन, मोडकं बाक आणि स्तनपानाचं महत्त्व सांगणारं पोस्टर होतं. महत्त्व सांगण्यात आपण कमी पडत नाही. 2016 मध्ये केंद्राने 'मा' नावाचा कार्यक्रम काढला, त्याची दूत होती माधुरी दीक्षित. तिला सदिच्छादूत नेमलं ते आयांसाठी की आजोबांसाठी, हे मला नक्की सांगता येणार नाही, पण आमच्या पिढीला स्तनपानाचं महत्त्व एका क्षणात पटलं. कक्षाच्या बाबतीत सामान्यांचंच असं होतं असं नाही. देवळालीच्या आमदार सरोज अहिरे डिसेंबर 2022 मध्ये अडीच महिन्यांचं बाळ घेऊन नागपूर अधिवेशनाला आल्या, सगळ्यांनी कौतुकाने फोटो काढले. पुढच्या अधिवेशनात मुंबईत विधान भवनातल्या हिरकणी कक्षात धूळ आहे, सोयी नाहीत, हे त्यांनाच सांगावं लागलं. हिरकणीने कडा उतरला तेव्हा निदान किल्ली मागायची नव्हती.

लेकीची रजा सव्वीस आठवड्यांची. 2017 च्या दुरुस्तीआधी ती बाराच होती. सहा महिने फक्त आईचं दूध, हे सव्वीस आठवड्यांत बसतं, जर बाळंत होण्याच्या आदल्या दिवसापर्यंत कामावर गेलात तर. ती गेली. आता ती कचेरीत पंपाने दूध काढते आणि डब्या आणते. फ्रीजमध्ये चार दिवस, बर्फाच्या कप्प्यात बराच काळ, बाहेर ठेवलं तर चार तास, आणि आपल्या उन्हाळ्यात तेवढीही वाट बघू नये. डब्यांवर तारीख, वेळ आणि खाली मोठ्या अक्षरांत "चहासाठी नाही". मधल्या काळात उष्टावणही झालं. सहा महिने झाले की अन्न सुरू करायचं हे जागतिक आरोग्य संघटनेने सांगण्याआधी आपल्याकडे मामाच्या मांडीवर बसून ठरलेलं होतं, त्यामुळे एवढ्या एका बाबतीत डॉक्टरीणबाई, विहीणबाई आणि मालीशवाल्या मावशींचं एकमत आहे. मतभेद आता वरणाच्या पाण्यावर आहेत. त्यात वरण असावं असं डॉक्टरांचं म्हणणं.

या सगळ्या काळात ज्यांना कोणी "दूध येतं का" विचारलं नाही, त्या म्हणजे सोसायटीत धुणीभांडी करणाऱ्या ताई. बेनकर वस्तीत राहतात. बाळंत होऊन दीड महिन्यात कामावर परत आल्या, कारण सव्वीस आठवड्यांचा तो कायदा कचेऱ्या-कारखान्यांपर्यंत येतो, आमच्या मोरीपर्यंत येत नाही. त्यांची मोठी मुलगी अकरा वाजता तान्ह्याला कडेवर घेऊन यायची आणि ताई ए-विंग आणि बी-विंगच्या मध्ये, पार्किंगमध्ये, एका उपड्या बादलीवर बसून पाजायच्या. त्यांच्या पुढ्यातूनच आमच्या विंगचे लाडूंचे डबे वर जात होते.

लेकीने कमिटीला पत्र दिलं, की क्लब हाउसच्या शेजारची खोली दिवसभर उघडी ठेवावी, कोणालाही बाळाला पाजायला बसता येईल. पत्र लहान होतं. चर्चा लहान नव्हती. खोलीत कॅरम आहे, तो कुठे ठेवायचा? पंख्याचं बिल सिंकिंग फंडातून की मेंटेनन्समधून? "कोणालाही" म्हणजे भाडेकरूंनाही का? आणि कामवाल्यांनाही असेल तर लिफ्टचा मुद्दा परत निघेल, जो गेल्या वर्षी मोठ्या कष्टाने पुढे ढकलला आहे. एकांनी अशी खोली दिली तर उद्या पाळणाघर मागतील अशी भीती घातली. एकांनी नाव हिरकणी द्यावं असं सुचवलं, त्याला मात्र टाळ्या पडल्या. खजिनदारांनी विचारलं, की किल्ली कोणाकडे? इथे सभा थांबली. सेक्रेटरी रोज एक ते पाच झोपतात, अध्यक्ष चाकणला नोकरी करतात. विषय वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे ठेवण्याचं सर्वानुमते ठरलं आणि चहा आला.

आमचा वॉचमन नांदेडचा. शेजारच्या नांदेड सिटीचा नव्हे, खऱ्या नांदेडचा. सभेत त्याला कोणी बोलावत नाही, पण दाराशी उभा राहून तो ऐकतो. दुसऱ्या दिवशी सकाळी गेटजवळच्या त्याच्या केबिनला आतून चादरीचा पडदा लागला होता, टेबलफॅन लावलेला होता, आणि त्याच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर ताई बसल्या होत्या. सेक्रेटरी फिरून येत होते. त्यांनी रजिस्टर बाहेर कठड्यावर बघितलं, वॉचमन उन्हात उभा बघितला, आणि आवाज चढवला, "हे काय चाललंय? केबिन ड्यूटीसाठी आहे. तू कुठे बसणार मग?"

"मी उभा राहतो की साहेब," तो म्हणाला. "मला कुठं कुणाला पाजायचंय!"